गणिती प्रारूपांचे सांधे : कोयना धरणाच्या निमित्ताने

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्थायूंची स्थितिस्थापकता एका प्रकरणात येते, द्रवाचा दाब दुसऱ्या प्रकरणात येतो आणि भूकंप तर भूगोलाच्या पुस्तकात जातो. शिकवण्याच्या सोयीसाठी असे कप्पे करावेच लागतात. धरणाला मात्र या तिन्ही विषयांची परीक्षा एकाच वेळी द्यावी लागते. जमीन हलली की धरण हलते, धरण हलले की तलावातले पाणी हलते आणि ते पाणी पुन्हा धरणाला ढकलते. एकमेकांत गुंतलेल्या अशा प्रणालींचे वर्तन संगणकावर आकडेमोड करून काढणे हा आज अभियांत्रिकीचा नित्याचा भाग झाला आहे. विमानाचा पंख आणि वारा, हृदयाची झडप आणि रक्त, समुद्र आणि वातावरण या जोड्यांचा अभ्यास असाच होतो. आपल्या हवामान खात्याचा मोसमी पावसाचा अंदाजही आता समुद्र व वातावरण यांच्या संयुक्त प्रारूपाचा आधार घेतो.

या प्रारूपांचे कौतुक पुष्कळ होते आणि ते योग्यही आहे. परंतु त्यांची पारख ज्या रीतीने केली जाते तिच्याबद्दल आमचा आक्षेप आहे. प्रारूपाचे उत्तर प्रत्यक्षाशी जुळले की प्रारूप सिद्ध झाले असे मानण्याकडे कल असतो. दोन प्रणाली जेथे एकमेकींना भेटतात तो सांधा कसा बसवला आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. चूक बहुधा तेथेच दडलेली असते. यासाठी महाराष्ट्रातल्याच एका उदाहरणाची चिकित्सा करू.

१९६७ ची पहाट

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ महत्तेचा भूकंप झाला. दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच खंडांना आडवे तडे गेले. हे तडे पायथ्याशी नव्हते. धरणाच्या मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, त्या सुमारे ६६ मीटर उंचीवरच्या 'माने'जवळ ते होते.

धरणाचा आराखडा त्या काळच्या प्रचलित पद्धतीने केला होता. भूकंपाचा जोर म्हणजे धरणाच्या वजनाचा ठरावीक अंश, असे धरून तो स्थिर बलासारखा आडवा लावायचा. कोयनेसाठी हा अंश ०.०५, म्हणजे शेकडा ५ घेतला होता. धरणातल्याच उपकरणाने त्या पहाटे नोंदलेले महत्तम त्वरण नदीच्या प्रवाहाच्या दिशेत गुरुत्व त्वरणाच्या ०.४९ पट होते आणि धरणाच्या लांबीच्या दिशेत ०.६३ पट. अपेक्षा व प्रत्यक्ष यांत सुमारे दहा पटींचे अंतर होते. पण फरक केवळ आकड्याचा नव्हता. स्थिर बलाच्या हिशेबात धरणाचा माथा पायापेक्षा जास्त झुलतो ही गोष्टच येत नाही. बर्कले येथील अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी पुढे फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे धरणाचे छोटे छोटे तुकडे कल्पून, हालचालीसह गणित केले. तेव्हा माथ्याकडच्या भागातला ताण काँक्रीटला सोसवेल त्यापेक्षा जास्त होतो आणि तो नेमका मानेजवळ होतो, असे दिसून आले. जुन्या हिशेबाला जे दिसले नव्हते ते नव्या पद्धतीला दिसले. हे यश निर्विवाद आहे. नंतर धरणाला मागून आधारभिंती देऊन ते बळकट करण्यात आले.

पाण्याला दिलेली दुय्यम जागा

भूकंपाच्या वेळी तलावात सुमारे ९२ मीटर खोल पाणी होते. ते गणितात कसे घ्यायचे? वेस्टरगार्ड यांनी १९३३ साली, हूवर धरणाच्या संदर्भात, एक सुंदर युक्ती सुचवली होती. धरण ताठ आहे असे समजा. ते हलताना त्याच्या पुढ्यातले काही पाणी जणू त्याला चिकटूनच हलते. म्हणून पाण्याऐवजी धरणाच्या अंगावर तेवढे वाढीव वस्तुमान चढवले की काम झाले. या सूत्रानुसार तळाशी चिकटलेल्या पाण्याच्या थराची जाडी एकूण खोलीच्या ७/८ असते. कोयनेसाठी ती ८० मीटर येते, म्हणजे धरणाच्या पायाच्या रुंदीहूनही थोडी जास्त! पृष्ठभागापासून एक चतुर्थांश खोलीवर ती निम्मी, ४० मीटर असते.

संगणक नव्हते त्या काळी ही युक्ती म्हणजे वरदानच होते, आणि आमची टीका वेस्टरगार्ड यांच्यावर नाही. परंतु या युक्तीत पाणी हे स्वतंत्र प्रणाली राहतच नाही. ते धरणाच्या पाठीवरचे ओझे होते. प्रत्यक्षात धरण वाकते आणि त्याच्या वाकण्यावर पाण्याचा दाब अवलंबून असतो. पाणी किंचित दाबले जाते, त्यामुळे त्यात दाबलहरी धावतात. तळाचा गाळ व खडक त्या लहरींचा काही भाग शोषून घेतात. चोप्रा यांनी १९६० च्या दशकापासून या परस्परक्रियेचे गणित मांडले आणि १९८४ च्या सुमारास फेन्व्हस यांच्याबरोबर धरण, पाणी व पायाचा खडक या तिघांना एकत्र घेणारी संगणक-आज्ञावलीही तयार केली. म्हणजे मार्ग उपलब्ध झाला होता.

असे असूनही, अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालीच्या उदाहरण-पुस्तिकेत कोयना धरणाचे जे नमुना-गणित आहे, त्यात पायाचा खडक ताठ मानला आहे आणि पाण्यासाठी १९३३ चे वाढीव वस्तुमान वापरले आहे. काँक्रीटला तडा कसा जातो हे दाखवणे हा त्या उदाहरणाचा हेतू आहे आणि ही गृहीतके तेथे स्पष्ट लिहिलेली आहेत. त्यामुळे पुस्तिकेला दोष देता येणार नाही. मात्र तेच गणित गिरवणारे शेकडो विद्यार्थी रंगीत चित्रात मानेजवळचा तडा पाहून 'धरण-पाणी परस्परक्रियेचे प्रारूप सिद्ध झाले' असे म्हणू लागले, तर ते चुकीचे ठरेल.

दोन विहिरींचा हिशेब

सांध्यातली चूक म्हणजे काय, हे समजण्यासाठी धरण नको आणि संगणकही नको. दोन विहिरी पुरेत. जालना जिल्ह्यातले जांब समर्थ घ्या. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव मराठवाड्याच्या इतर गावांसारखेच काळ्या पाषाणावर वसलेले आहे. अशा भूमीत पाणी खडकाच्या फटींतून आणि मुरमातून सरकते. शेजारच्या मळ्यात पंप सुरू झाला की आपल्या विहिरीची पातळी उतरते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. विहिरींची ही जोडी म्हणजे गुंतलेल्या प्रणालींचा सर्वांत साधा नमुना होय.

सारख्याच रुंदीच्या दोन विहिरी कल्पा. पहिलीत १० मीटर पाणी, दुसरीत २ मीटर. नियम असा : दर तासाला पातळ्यांच्या फरकाच्या एक चतुर्थांशाइतके पाणी पहिलीतून दुसरीत जाते. पहिल्या तासात फरक ८, म्हणून २ मीटर पाणी सरकते आणि पातळ्या ८ व ४ होतात. दुसऱ्या तासाअखेर ७ व ५, तिसऱ्या तासाअखेर ६.५ व ५.५. बेरीज नेहमी १२ राहते आणि अखेर दोन्ही विहिरी ६ मीटरवर स्थिरावतात.

आता असे समजा की दोन विहिरींची गणिते दोन वेगळ्या तज्ज्ञांकडे आहेत. पहिल्या तज्ज्ञाने आपले गणित केले : पातळी ८. हा ताजा आकडा त्याने दुसऱ्याला कळवला. दुसऱ्याने फरक काढला, ८ वजा २ म्हणजे ६; त्याचा चतुर्थांश १.५. म्हणून दुसऱ्या विहिरीची पातळी ३.५. बेरीज करा : ११.५! अर्धा मीटर पाणी कोठे गेले? पुढच्या तासाला पातळ्या ६.८८ व ४.३४ होतात आणि बेरीज ११.२२ वर येते. असेच पुढे चालू ठेवले तर दोन्ही विहिरी ६ ऐवजी सुमारे ५.४३ मीटरवर स्थिरावतात.

या उदाहरणात घाबरवणारी गोष्ट ही, की उत्तर अगदी शहाण्यासारखे दिसते. पातळ्या समान होतात, आलेख गुळगुळीत येतो, दोन्ही तज्ज्ञांनी नियम तंतोतंत पाळलेला असतो. तरीही मीटरभराहून अधिक पाणी नाहीसे झालेले असते. पहिलीने दिलेले पाणी आणि दुसरीने घेतलेले पाणी यांचा हिशेब वेगवेगळा झाला. गळती विहिरीत नव्हती, ती गणिताच्या सांध्यात होती. अर्ध्या अर्ध्या तासाची पावले टाकून दर वेळी फरकाचा एक अष्टमांश घेतला, तर पातळ्या ५.७३ वर स्थिरावतात. चूक निम्म्यावर येते, पण जात नाही. सरकणारे पाणी एकदाच मोजून तोच आकडा दोघांना दिला की ती पूर्णपणे जाते.

उलट, पहिल्याच पद्धतीने पण पाच तासांची एकच उडी मारून पाहा. चतुर्थांशाची पाचपट म्हणजे फरकाच्या १.२५ पट पाणी सरकते. पातळ्या ० व १२ होतात आणि पुढच्या उडीत १५ व उणे ३! बेरीज १२ च आहे, पण विहिरीत उणे पाणी आहे. म्हणजे हिशेब जुळणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. पावलाची लांबीही सांभाळावी लागते.

मोठ्या प्रारूपांतही एकेका प्रणालीची आज्ञावली स्वतंत्र असते, कारण ती वर्षानुवर्षे तावूनसुलाखून घेतलेली असते. मग त्या आळीपाळीने चालवून आकड्यांची देवाणघेवाण करतात. अशा आळीपाळीच्या गणनेतले अस्थैर्य कसे आवरायचे, यावर पार्क व फेलिप्पा यांनी १९७७ मध्ये महत्त्वाचे काम केले. धरणाच्या भिंतीवर सांध्याच्या अटी दोन : भिंत आणि पाणी यांच्यात फट पडू नये, आणि पाण्याने भिंतीवर लावलेले बल भिंतीने पाण्यावर लावलेल्या बलाइतकेच, पण विरुद्ध दिशेने असावे. दुसरी अट म्हणजे आपला न्यूटनचा तिसरा नियमच.

फुटलेली प्रश्नपत्रिका

आता उत्तर जुळण्याच्या मुद्द्याकडे वळू. कोयनेत तडा कोठे गेला हे गणित करणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ती, कंपने किती लवकर विरतात याचे मान, अशा काही राशी नेमक्या माहीत नसतात व त्या थोड्याफार मागेपुढे करता येतात. शिवाय धरणाचा आकारच असा आहे, की मानेजवळ ताण एकवटणारच. पाणी कसेही धरले तरी तडा बहुतेक तेथेच येतो. मग तडा योग्य जागी आला, यावरून पाण्याचा सांधा बरोबर होता असे कसे म्हणता येईल? प्रश्नपत्रिका आधी फुटली असेल तर मिळालेल्या गुणांवरून विद्यार्थ्याची पारख होत नाही, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

आणखी एक सूक्ष्म बाब. गणितात 'जमिनीची हालचाल' म्हणून वापरली जाणारी नोंद मोकळ्या जमिनीवरची नाही. ती धरणाच्याच एका खंडातील गॅलरीत घेतलेली आहे. धरणाच्या हालचालीचा काही अंश तिच्यात आधीच मिसळलेला असू शकतो. प्रश्नातच उत्तराचा तुकडा असण्यासारखे हे झाले.

तोडलेले बाण

कोयनेची गुंतागुंत येथेच थांबत नाही. १९६२ पासून शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि परिसरात भूकंपांची मालिका सुरू झाली. तेव्हापासून तेथे ५ वा त्याहून अधिक महत्तेचे वीसवर भूकंप झाले आहेत. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे हे जगातले ठळक उदाहरण मानले जाते. ९० मीटर पाण्याचा दाब सुमारे ९ वातावरणे. पाच किलोमीटर खोलीवर खडकाच्या वजनाचा दाब तेराशे वातावरणांच्या घरात. म्हणजे पाण्याचे ओझे शेकडा एकही नाही. पण फटींत शिरलेले पाणी खडकाच्या दोन पृष्ठांना एकमेकांवर दाबून धरणारा परिणामी दाब कमी करते, आणि आधीच घसरण्याच्या बेतात असलेल्या विभंगाला तेवढे निमित्त पुरते. खडक आणि त्यातील पाणी यांचे संयुक्त गणित बायो यांनी १९४१ मध्ये मांडले होते. कोयना परिसरात २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल चाचणी विंधनविवर पूर्ण झाले, ते अशा गणिताला प्रत्यक्ष मोजमापांची जोड मिळावी म्हणूनच.

तेव्हा निसर्गातले वर्तुळ असे आहे : तलाव, खडक, भूकंप, धरण आणि पुन्हा तलाव. धरणाचे गणित करणारा भूकंप 'दिलेला' धरतो, भूकंपाचा अभ्यासक तलावाची पातळी 'दिलेली' धरतो. दोघेही वर्तुळातला एकेक बाण तोडतात. हे गैर नाही. धरणाचे हादरणे काही सेकंदांचे आणि पाण्याचे खडकात झिरपणे महिन्यांचे किंवा वर्षांचे, म्हणून दोन्ही वेगळी करता येतात. मात्र कोणता बाण तोडला आणि का, हे सांगितलेच पाहिजे. या धरणाच्या खालच्या अंगाला गावे आणि शहरे आहेत. त्यांच्या सुरक्षिततेचे निर्णय अशा आकड्यांच्या आधारे घेतले जातात.

वर्गात काय करता येईल

एखादे प्रारूप समोर आले की चार प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येईल. कोणत्या परस्परक्रिया गणितात घेतल्या व कोणत्या सोडल्या? एका प्रणालीने दिले तेवढेच दुसरीने घेतले का? कालाचे पाऊल निम्मे केले तर उत्तर किती बदलते? आणि ज्या निरीक्षणाशी उत्तर जुळवले ते आधीच ठाऊक होते का, किंवा ते वेगळ्या गृहीतकांनीही जुळले असते का?

विहिरींचे गणित नववीच्या वर्गात एका तासिकेत होते. वर्गाचे दोन गट करावेत, प्रत्येकाला एक विहीर द्यावी आणि त्यांनी केवळ चिठ्ठीवर पातळी लिहून एकमेकांना कळवावी. दहा फेऱ्या झाल्यावर बेरीज विचारावी. पाणी कोठे गेले याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा.