लोकरेडिओ : गाणे आणि गाऱ्हाणे

नभोवाणीच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही प्रक्षेपणाची वाट मोकळी केली; आणि २००८ साली आजच्या तेलंगणातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेले ‘संघम रेडिओ’ केंद्र सुरू झाले. तेथे लोकगीतांना मिळालेला मान आम्हांस मोलाचा वाटतो.

परंतु अशा केंद्रांची पारख केवळ गीतांवर करावी काय? भजनाने मन निवते. पण साथ आली असता कोणत्या विहिरीचे पाणी वर्ज्य, हे कळल्यावाचून जीव वाचत नाही. ‘पाणी उकळून प्या’ हा उपदेश सर्वत्र सारखाच. त्यासाठी गावचे केंद्र कशाला हवे? मात्र स्वतःच्या बातम्या देण्यास या केंद्रांना मनाई आहे. आकाशवाणीच्या तेवढ्या ऐकवाव्यात. म्हणजे आरोग्याची सूचना चालेल. पण विहीर का नासली, हे विचारताच ती ‘बातमी’ ठरण्याचे भय! मालमत्ता जनतेची, वाणी मात्र सोवळ्यातली. हे सोवळे सुटेल, तेव्हाच १९९५ चा निर्वाळा गावापर्यंत पोहोचला, असे आम्ही म्हणू.