ठराव आणि पाणी

संस्था दलिताला आपला म्हणते. त्या शब्दाची परीक्षा मात्र त्याने हक्क बजावला त्या दिवशी होते. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. पण तीन वर्षे त्या पाण्याला अस्पृश्याची ओंजळ लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती लावली. हल्ला झाला, आणि ऑगस्टमध्ये पालिकेने ठरावच रद्द केला. माणूस येताच निमंत्रण मागे घेतले गेले.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचे मर्म हेच आहे. नायकाला डोक्यावर छप्पर हवे, म्हणून जात लपवावी लागते. ती कळताच मार पडतो. या कथेत केवळ वेदना पाहणारी समीक्षा अपुरी आहे. माणसाला आत घेताना समाज कोणती अट घालतो, हे ही कथा उघडे करते.

मीरा-भाईंदरमध्ये ही अट ताटातून येते. खोली पाहायला गेलेल्याला आहार विचारला जातो. जात न उच्चारता जात गाळण्याची ही सोय आहे. २०१५ साली पर्युषणासाठी महानगरपालिकेने आठ दिवस मांसविक्रीवर बंदी घातली, तेव्हा या खाजगी प्रश्नाला सरकारी शिक्का मिळाला. कुणाच्या श्रद्धेचा अनादर नको; पण एकाचा उपवास दुसऱ्याच्या चुलीवर लादायचा अधिकार पालिकेला कुणी दिला?

१४ एप्रिलला बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक संस्थेला एवढेच विचारावे: खरे आडनाव सांगून, आपले अन्न शिजवून, प्रसंगी तक्रार करूनही माणूस इथे निर्धास्त राहू शकतो काय? 'होय' हे उत्तर मिळेपर्यंत तो हार महाडच्या ठरावाइतकाच कोरडा आहे.