न दिसणं आणि नसणं : ‘कार्नेज हार्ट’ या मागे पडलेल्या खेळाविषयी

या व्याख्यानमालेत आम्ही बहुतेक वेळा ग्रंथांवर बोलतो. आज एका व्हिडिओ गेमवर बोलणार आहोत. सत्तरी ओलांडलेल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराने यंत्रमानवांच्या लढाईवर बोलावं, याचं कोणाला हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे थोडा गंभीर विषय आहे.

खेळाचं नाव ‘कार्नेज हार्ट’. आर्टडिंक या जपानी कंपनीने तो केला. रेल्वेच्या ‘ए-ट्रेन’ खेळामुळे ही कंपनी काहींना माहीत असेल. ‘कार्नेज हार्ट’ जपानमध्ये डिसेंबर १९९५मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर आला आणि अमेरिकेत १९९७ साली. अवाढव्य यंत्रमानव, ज्यांना ‘मेक’ म्हणतात, त्यांच्या डावपेचांचा हा खेळ. पण या जातीच्या इतर खेळांत आणि यात एक मोठा फरक आहे. १९७९च्या ‘गंडम’ मालिकेपासून मेक म्हटलं की आत बसलेला वैमानिक आला. त्याचं धाडस, त्याची भीती, त्याचा राग, हे सगळं आलं. इथे आत कोणीच नाही. आणि बाहेर बसलेल्या तुम्हालाही लढाई सुरू झाली की काही करता येत नाही.

हा खेळ आमच्यापर्यंत आला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून भोसरीत कामाला लागला, आणि शिफ्ट सांभाळून बाहेरून बी.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन बसला. असे विद्यार्थी आम्हाला या पट्ट्यात बरेच मिळाले. आता पन्नाशीला आलाय, चाकणला मेंटेनन्समध्ये आहे. एकदा चहा पिताना म्हणाला, “सर, चिंचवडला तासावर भाडं घेऊन गेम खेळू द्यायचे ना, तिथे एक डिस्क होती. त्यात रोबो आपण चालवायचाच नव्हता. नुसते चौकोन मांडायचे. कोणालाच काही कळेना. दुकानदाराने आठ दिवसांत काढून टाकली.”

नाव त्याला आठवेना. डिस्क नक्कल केलेली, वर मार्करने काहीतरी खरडलेलं. पण “रोबो आपण चालवायचाच नव्हता” हे वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. नाव सापडायला दोन महिने लागले. डिस्क सापडायला त्याहून जास्त. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन बसलो. तिथे क्रिकेट आणि कुस्तीच्या डिस्कांचे ढीग, हा खेळ नाही. पिंपरी कॅम्पात एका दुरुस्तीवाल्याकडे जुनं प्लेस्टेशन मिळालं, कुठल्याही देशाची डिस्क चालावी म्हणून चिप बसवलेलं. शेवटी विद्यार्थ्याच्या ओळखीतून अमेरिकेहून एक वापरलेली प्रत आली. डबी उघडली तेव्हा कोडं सुटलं. आत माहितीपुस्तिका, शिवाय डावपेचांचं एक वेगळं पुस्तक, आणि एक दुसरी डिस्क. या दुसऱ्या डिस्कवर खेळ नाहीच. खेळ कसा समजून घ्यायचा, याचा सुमारे अर्ध्या तासाचा पाठ आहे.

म्हणजे चिंचवडच्या त्या दुकानात खेळ आला होता, पाठ आला नव्हता. नक्कल करणाऱ्याने जे विकलं जातं तेवढंच उचललं. आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्याकडे सेकंडहँड मशीन असंच यायचं. पुस्तक नाही, गार्ड नाही.” हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता खेळ चालतो कसा ते पाहू. आधी यंत्र जुळवायचं. दोन पायांचा देह की अनेक पायांचा, रणगाड्यासारखा की हवेत राहणारा. मग चिलखत, इंजिन, इंधन, शस्त्रं. मग त्याचा मेंदू. पडद्यावर चौकोनांची जाळी येते. प्रत्येक चौकोनात एक चिप ठेवायची. काही चिपा काम सांगतात : पुढे जा, वळ, उडी मार, गोळी झाड. काही चिपा प्रश्न विचारतात : समोर, इतक्या अंतरात, इतक्या कोनात शत्रू आहे का? उत्तर ‘हो’ आलं तर एका बाजूच्या चौकोनात जायचं, ‘नाही’ आलं तर दुसऱ्या. छोट्या मेंदूत चौकोन कमी, म्हणून प्रश्न कमी. काय विचारायचं आणि काय सोडून द्यायचं, हे तुम्ही ठरवायचं.

तुमच्यात जे पीएलसीवर काम करतात त्यांना हे घरचंच वाटेल. १९६९च्या सुमारास पहिले पीएलसी आले, तेव्हापासून कारखान्यात लॅडर काढतात ती याच जातीची. ज्यांनी रोबोकॉन पाहिलं असेल त्यांनाही ओळखीचं वाटेल. २००८ साली आशियाई रोबोकॉन पुण्यात झालं, विषय आपल्या गोविंदाचा, लोण्याच्या हंडीचा. त्यातल्या स्वयंचलित यंत्राला एकदा सुरू केलं की मुलांना हात लावता येत नाही. वर्षभर राबलेली मुलं दोरीमागे मुठी आवळून उभी असतात. ‘कार्नेज हार्ट’ खेळणारा माणूस नेमका त्या मुलांसारखा असतो. तीन यंत्रं तुमची, तीन शत्रूची. तुम्ही फक्त बघायचं.

कोणी म्हणेल, सर, हा तर निष्काम कर्मयोग झाला. कर्म करा आणि फळ सोडा. आम्हाला तसं वाटत नाही, किंबहुना उलट वाटतं. इथे फळावरची नजर काढण्याची सोयच नाही. आपल्या बोटांच्या चपळाईने वेळ मारून नेता येत नाही, म्हणून फळ अगदी स्वच्छ दिसतं. फळ नीट पाहायचं, आणि त्यावरून कर्म दुरुस्त करायचं. बाकीच्या खेळांत हरलो की आपण म्हणतो, हात चुकला. इथे ते म्हणता येत नाही. विचार चुकला, एवढंच म्हणता येतं.

आमची पहिली लढाई सांगतो. आम्ही मोठ्या अभिमानाने मेंदू रचला : समोर शत्रू आहे का? असेल तर झाड. नसेल तर वळ. लढाई सुरू झाली आणि आमच्या मागच्या यंत्राने आमच्याच पुढच्या यंत्राच्या पाठीत गोळ्या घातल्या. शत्रू खरोखर समोर होता. मध्ये आपला गडी होता. त्याबद्दल आम्ही विचारलंच नव्हतं.

बरं, मग आम्ही प्रश्न वाढवला : समोर आपला कोणी आहे का? नसेल तरच झाड. पुढच्या लढाईत पुन्हा तेच! आमचं यंत्र ‘नाही’ म्हणालं आणि झाडून मोकळं झालं. तपासलं तेव्हा कळलं, प्रश्नाचा कोन आम्ही अरुंद ठेवला होता. मित्र जरा बाजूने आडवा येत होता. यंत्र खोटं बोललं नाही. त्याला दिसला नाही, म्हणून त्याने ‘नाही’ सांगितलं. ‘दिसत नाही’चा अर्थ ‘नाही’ असा आम्ही घेतला.

मंडळी, आयुष्यभर हेच शिकवलं हो आम्ही! आपल्या दर्शनांतलं ठरलेलं उदाहरण आहे : जमिनीवर घडा नाही. हे ‘नाही’ आपल्याला कळतं कसं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच कळतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानायला हवं. वाद जुना आहे आणि मोठा आहे. पण एक अट दोन्हीकडे लागते : घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरची मुलं जांभया द्यायची, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यांना जागं ठेवील असं उदाहरण सापडलं नव्हतं.

ते उदाहरण त्या संध्याकाळी आमच्या विद्यार्थ्याने दिलं. तो शेजारी बसून लढाई बघत होता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, आमच्या प्रेसलाही सेन्सर होता.” तो पहिल्यांदा जिथे कामाला लागला, त्या वर्कशॉपचं नाव आम्ही घेणार नाही. शेजारच्या पॉवर प्रेसवर एक मुलगा होता. प्रेसचा सेन्सर पत्रा जागेवर बसला की नाही एवढंच बघायचा. पत्रा बसला, उत्तर ‘हो’ आलं, प्रेस खाली आला. हात आत आहे का, हा प्रश्न त्या सर्किटमध्ये कुठेच नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत कामगाराचं दुर्लक्ष असं लिहिलं गेलं.

आता हेच काम नीट करायचं तर कसं करतात? प्रेससमोर लाइट कर्टन बसवतात. एका बाजूने किरण निघतात, दुसऱ्या बाजूला पोहोचतात. सगळे किरण पोहोचले तरच प्रेस खाली येतो. हात आडवा आला की थांबतो. दिवा बिघडला, वायर तुटली, तरीही थांबतो. इमर्जन्सी स्टॉपचं सर्किटही असंच, नेहमी जोडलेलं ठेवतात, म्हणजे वायर तुटणं हासुद्धा थांबण्याचा हुकूम होतो. ‘हात दिसला नाही’ यावर हे यंत्र चालत नाही. ‘हात असता तर कळलं असतं, आणि तसं कळलेलं नाही’ यावर ते चालतं. योग्यानुपलब्धीच ही. बोटं वाचतात ती या फरकामुळे. आणि हा फरक ठरवणारा माणूस अपघाताच्या वेळी तिथे नसतो. त्याने जाळीत कुठले प्रश्न ठेवले, कुठले गाळले, ते कधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून ‘मशीनने केलं’ किंवा ‘कामगाराने केलं’ ही दोन्ही वाक्यं आम्हाला अपुरी वाटतात.

हा खेळ मोठा का, तर तो ही गोष्ट उपदेश न करता करायला लावतो. तुम्हीच गाळलेला प्रश्न तुमच्या डोळ्यांसमोर तुमच्याच यंत्राच्या पाठीत घुसतो, आणि दोष द्यायला दुसरं कोणी नसतं.

पण तो निर्दोष आहे असं आम्ही म्हणणार नाही. नकाशावरचा भाग, म्हणजे कारखान्यांतून यंत्रं काढणं, नवीन भाग विकसित करून घेणं, फौजा हलवणं, फार रेंगाळतो. पडदे रुक्ष आहेत. पाठ संपल्यावर खेळ तुम्हाला एकदम खोल पाण्यात सोडतो. आणि त्याहून मोठी तक्रार अशी : यंत्रांत माणसं नसल्यामुळे हे युद्ध फार स्वच्छ होतं. मित्र मेला म्हणजे एक आकडा कमी झाला, इतकंच. बोटं कोणाची जात नाहीत. अशा यंत्रांसमोर खरी माणसं उभी राहिली तर काय, हा प्रश्न या खेळाच्या जाळीतून गाळलेला आहे. समीक्षकाने तो विचारला पाहिजे, म्हणून आम्ही विचारतो.

ज्यांना शोधायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. या घराण्यातला नंतरचा ‘कार्नेज हार्ट एक्झा’ जपानमध्ये २०१० साली पीएसपीवर आला, आणि २०१३ साली नात्सुमेने तो डाउनलोड स्वरूपात इंग्रजीत आणला. तो जास्त सोपा करून शिकवतो. जुना घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी विचारा, डबीत दोन डिस्क आहेत का, पुस्तक आहे का. ‘बहुतेक असेल’ असं उत्तर आलं तर घेऊ नका, फोटो मागवा.

आमची प्रत सध्या आमच्याकडे नाही. विद्यार्थी घेऊन गेलाय. त्याच्या हाताखाली आयटीआयची नवीन पोरं आलीत, त्यांना रविवारी घरी बोलावून खेळायला बसवतो. पोरांचं यंत्र आपल्याच गड्याला मारतं, पोरं हसतात. हसून झालं की तो एकेकाला विचारतो, “इथे ‘नाही’ आलं, ते कशावरून आलं?”

आमचं एवढंच. आता तुम्ही विचारा.