‘क्षार’ या संज्ञेची परीक्षा

लोणार सरोवराचे पाणी ‘क्षारयुक्त’ असल्याचे विधान आपल्याकडील वर्णनांत वारंवार आढळते. त्याचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ अशी त्रयी आहे. तीत क्षार म्हणजे उदासिनीकरणातून होणारे संयुग. मराठी विश्वकोश त्यालाच ‘लवण’ म्हणतो, आणि आम्लारीला ‘क्षारक’. (‘आम्लारी’, म्हणजे आम्लाचा अरि, ही घडण मोठी सुबक आहे.) आयुर्वेदातील क्षार हा वनस्पतींच्या राखेतून काढलेला, आम्लाचा विरोधी पदार्थ. विश्वकोशाने हा अर्थ सांभाळला. पाठ्यपुस्तकाने शब्द तोच ठेवून अर्थ पालटला.

लोणारात हा घोळ केवळ कोशातला राहत नाही. तेथील पाण्यात सोडियम क्लोराइड आहे, तसेच सोडियमची कार्बोनेटेही. सामू 10 च्या आसपास आढळत आला आहे. ग्रामनामात ‘लोण’ म्हणजे लवण आहे. आईन-ए-अकबरीत मात्र येथील काच व साबण यांच्या सामग्रीचा उल्लेख येतो, म्हणजे सोड्याचा. विद्यार्थ्याने नमुन्यात थेट सिल्व्हर नायट्रेट घातले, तर कार्बोनेटाचाही अवक्षेप पडतो. आधी विरल नायट्रिक आम्लाने कार्बोनेट घालवावे लागते. निघणाऱ्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ होते. त्यानंतर पडणारा, अमोनियात विरघळणारा पांढरा अवक्षेपच क्लोराइड आयनाची साक्ष देतो. प्रयोगशाळा जे दोन पदार्थ असे कष्टाने वेगळे करते, ते ‘क्षारयुक्त’ हे एकच विशेषण पुन्हा एकत्र करून टाकते.

शेतीच्या मराठीत ‘क्षारयुक्त’ आणि ‘चोपण’ या दोन निराळ्या जमिनी आहेत. तेथे पाठ्यपुस्तकी अर्थाला आधार मिळतो, हे खरे. तरीही उच्च वर्गांसाठी ‘लवण’ हीच संज्ञा आम्हांस ग्राह्य वाटते.