चंद्राची मालकी आणि हाइनलाइनची एक कथा

रॉबर्ट हाइनलाइन ह्या अमेरिकन लेखकाची ‘द मॅन हू सोल्ड द मून’ ही दीर्घकथा १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. पृथ्वीबाहेरील भूमीवर मालकी कोणाची, आणि ती कोणी बहाल करावयाची, हा तिचा खरा विषय होय. त्याची मांडणी कितपत समर्थ आहे, आणि ती कोठे उणी पडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

कथानायक हॅरिमन हा धनाढ्य उद्योजक. चंद्रावर जाण्याचा त्याला ध्यास आहे. पण चंद्र एखाद्या राष्ट्राच्या हाती पडेल ही चिंताही तितकीच आहे. म्हणून तो एका जुन्या न्यायसूत्राचा आधार घेतो : ज्याची जमीन, त्याचेच वरचे अनंत आकाश. चंद्र माथ्यावर येतो तो विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या सुमारे २९ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात. तेव्हा हक्कही त्या पट्ट्यातील राष्ट्रांचा. (ह्या न्यायाने अवघा महाराष्ट्रही चंद्राचा भागीदार ठरतो!) हॅरिमन अनेक राष्ट्रांना असे हक्क सांगावयास लावतो, आणि अखेर तडजोड म्हणून चंद्राची व्यवस्था संयुक्त राष्ट्रांकडून आपल्या कंपनीकडे घेतो.

वस्तुतः हे सूत्र त्यापूर्वीच निकालात निघाले होते. कॉस्बी नावाच्या कुक्कुटपालकाच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये, आधुनिक जगात त्यास स्थान नाही, असा निर्णय दिला. मात्र फार खालून उडणाऱ्या लष्करी विमानांमुळे जमिनीच्या उपभोगास बाध येतो, तेवढ्यापुरता भरपाईचा हक्क मान्य केला. तरीही ही उणीव कथेचा दोष मानणे अरसिकपणाचे होईल. सूत्र खरे असण्याची हॅरिमनला गरज नाही. पुरेशा लोकांनी ते खरे असल्यासारखे वागावे, एवढे त्याला पुरते. मालकी म्हणजे माणूस आणि वस्तू ह्यांतील संबंध नव्हे. त्या वस्तूसंबंधी इतरांनी मान्य केलेला तो माणसामाणसांतील व्यवहार आहे, हे मर्म लेखकाने अचूक हेरले आहे. कथेचा शेवटही ह्याच मर्माशी सुसंगत आहे. उद्योगास अपरिहार्य ठरल्यामुळे हॅरिमनलाच यानातून जाता येत नाही. चंद्र मिळवणारा पृथ्वीवरच राहतो.

खरा दोष निराळा आहे. ज्यांच्या हक्कांवर हा डाव उभा आहे, ती राष्ट्रे कथेत केवळ सोंगट्या आहेत. ‘हा हक्क कोणाच्याही स्वाधीन करावयाचा नाही’ असे म्हणणारा समर्थ प्रतिपक्ष लेखकाने निर्माण केला नाही. त्यामुळे संघर्षास नैतिक खोली येत नाही.

इतिहासात तो प्रतिपक्ष उभा राहिला. १९६७ च्या अंतराळ करारातील दुसऱ्या कलमाने सार्वभौमत्वाचा दावा, वापर, ताबा वा अन्य कोणत्याही मार्गाने खगोलीय पिंड राष्ट्राने आपलेसे करण्यास मनाई केली. त्या कलमात व्यक्तीचा उल्लेख नाही, हे खरे. पण सहाव्या कलमाने खाजगी संस्थांच्या अंतराळातील कार्याची जबाबदारी त्यांच्या राष्ट्रावर टाकली आहे, आणि जे राष्ट्राचे नाही ते त्याने नागरिकास कसे द्यावे? एरॉस ह्या लघुग्रहावर हक्क सांगून, तेथे उतरलेल्या यानाचे भाडे ‘नासा’कडे मागणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाचा दावा तेथील न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळला.

तथापि आजचे हॅरिमन जमीन मागत नाहीत. तीतून काढलेला माल मागतात. अमेरिकेने २०१५ मध्ये व लक्झेंबर्गने २०१७ मध्ये अशा मालावरील मालकीस कायद्याने मान्यता दिली. उलट १९७९ च्या चंद्रविषयक कराराने ही संपत्ती मानवजातीचा समाईक वारसा ठरवली. पण त्यास थोड्याच राष्ट्रांनी अनुमती दिली. भारताने १९८२ मध्ये सही केली, अनुसमर्थन केले नाही. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील बर्फ मर्यादित आहे. पहिल्याने तो उपसून नेल्यावर उरलेली जमीन कोणाचीच नाही, ह्या तत्त्वाने मागून येणाऱ्याच्या पदरात काय पडणार?

भूमी आणि तिचे उत्पन्न ह्यांतील हा भेद हाइनलाइनच्या मांडणीत महत्त्वाचा ठरलेला नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या कथेत शोधू नये. पण मालकीचा उगम चंद्रावर नसून पृथ्वीवरील संमतीत आहे, हे तिने दाखवले; आणि ती संमती कोणाची, हे विचारावयाचे राहून गेले. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा अशी एकाच ठिकाणी आहे.