‘लक्षणहीन’ : एका वैद्यकीय संज्ञेचे परीक्षण

हृदयाची कार्यशक्ती घटलेली, परंतु रुग्णाची तक्रार काहीच नाही, अशा अवस्थेस मराठीत ‘लक्षणहीन’ हे विशेषण लावले जाते. संज्ञा सुटसुटीत खरी. पण निर्दोष नव्हे. ‘याचे लक्षण काही ठीक दिसत नाही’ असे म्हणणारा हा पाहणारा असतो, भोगणारा नव्हे. इंग्रजी ‘सिम्प्टम’ मात्र भोगणाऱ्याने सांगावयाचे असते. त्यामुळे ज्याच्या हृदयालेखात दोष उघड दिसतो, त्यासच ‘लक्षणहीन’ म्हणण्याचा वदतोव्याघात घडतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या महात्मा गांधींच्या आरोग्यनोंदींत रक्तदाब १९३७ मध्ये १९४/१३० व १९४० मध्ये २२०/११० असा आढळतो. हा त्यांच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम-निवासाचा काळ होय. परंतु त्या क्षणी त्यांना काय जाणवत होते, हे आकड्यावरून कळत नाही. आकडा यंत्र सांगते, त्रास माणूस सांगतो. एकीची साक्ष दुसरीच्या जागी चालत नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. १९९२ च्या ‘सॉल्व्ह्ड’ प्रतिबंधक चाचणीत डाव्या जवनिकेचा उत्क्षेपांश ३५ टक्के वा त्याहून कमी असलेल्या, पण उपचार न घेणाऱ्या रुग्णांना एनालाप्रिल देण्यात आले. हृदयदौर्बल्य प्रकट होण्याचे व त्यासाठी रुग्णालयात जाण्याचे प्रमाण त्यामुळे घटले. मृत्यूंतील घट मात्र निर्णायक ठरली नाही. म्हणजे तक्रार नसताना औषध चालू ठेवणे हाच येथे उपचार आहे. ‘लक्षणच नाही’ असे ऐकलेला शेतकरी ते का घेईल? उलट ‘हार्ट फेल’ म्हणावे, तर लोकभाषेत त्याचा अर्थ मृत्यू!

आयुर्वेदातील ‘पूर्वरूप’ येथे सुचेल. परंतु पूर्वरूपही जाणवणारेच असते. त्यापेक्षा ‘अव्यक्त हृदयदौर्बल्य’ ही संज्ञा अधिक ग्राह्य वाटते. दोष आहे, पण तो बोललेला नाही, हे दोन्ही अर्थ तीत येतात.

प्रश्नाची भाषाही तपासावयास हवी. ‘त्रास होतो का?’ यास ‘नाही’ हे उत्तर सहज मिळते. कारण दम लागू नये म्हणून माणूस नकळत चालणेच कमी करतो. ‘गेल्या दिवाळीत जेवढे चालत होता, तेवढे आज चालता का?’ असे विचारले, म्हणजे कित्येक ‘लक्षणहीन’ रुग्ण बोलू लागतील.