लिंगोचे गाणे आणि परका छंद

बंदिस्त जपानात गोऱ्यांपैकी डचांना तेवढा शिरकाव होता, तोही देशिमा बेटापुरता. आमच्या चांदा-गडचिरोलीच्या रानाला असा पहारा कुठला! तरीही गोरा माणूस तिथल्या बोलीपर्यंत पोचायला उशीरच लागला.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉच पाद्री 1845 साली नागपुरास आले आणि 1863 साली बुडून वारले. त्यांची टिपणे पुढे रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापली. त्यांत एका परधानाकडून उतरून घेतलेले गोंडांच्या लिंगोचे गाणे आहे. रोमन लिपीत गोंडी, सोबत शब्दशः इंग्रजी. वाचताना ठेचा लागतात. तीच तीच ओळ परत येते. पण किंगरीवर परधानाला ऐकलेल्या माणसाला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटणार नाही.

कॅप्टन फॉर्सिथ यांना मात्र ती खपली नसावी. 1871 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी गाणे आटोपशीर केले आणि लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या छंदात बसवले. तो छंद तरी लाँगफेलोचा कुठे? तो फिनलंडच्या ‘कालेवाला’चा! म्हणजे आमचा लिंगो दोन परक्या अंगरख्यांत उभा.

खोटे कशाला सांगू, मलाही आधी फॉर्सिथच आवडले. वर्गात त्यांचेच मराठी करून सांगितले. मागच्या बाकावरचा एक गोंड मुलगा म्हणाला, “गुरुजी, हे आमच्यातलं नाही वाटत.” मग हिस्लॉपमधल्या गोंडी ओळी वाचल्या. माझे उच्चार ऐकून तो खुदकन हसला, आणि एकेक शब्द दुरुस्त करू लागला.